राबलेल्या बोटांचे ठसे

तळवली गावात रेशनच्या रांगेत उभं राहिलं की एकच वाक्य सारखं कानावर येतं: "आजी, बोट पुसून परत लावा." आजी अंगठा पदराला पुसते, पुन्हा लावते. ठसा तपासणारं यंत्र नाही म्हणतं. मग ती तोच अंगठा कपाळावर, तेल लावलेल्या केसांवर घासते आणि जोर देऊन दाबते. कधीकधी तेवढ्यानं काम होतं.

यामागे शास्त्र आहे. तळहाताच्या कातडीत तेलग्रंथी नसतातच, असतात त्या फक्त घामाच्या. त्यांची तोंडं ठशाच्या उंचवट्यांच्या माथ्यावर ओळीनं उघडतात. वय वाढलं की घाम कमी होतो, बोट कोरडं पडतं आणि काचेवर ठसा तुटक उमटतो. कपाळाचं तेल ती उणीव भरून काढतं.

उजेडात धरलेल्या त्या अंगठ्यावरचे उंचवटे जवळजवळ सपाट झालेले दिसतात. वरून आडव्या पांढऱ्या चिरा. भातलावणी, मासळी साफ करणं, भांडी, धुणं, सिमेंट या सगळ्यानं वरची कातडी झिजते. ठशाचा मूळ साचा मात्र खालच्या थरात असतो. नवी कातडी तिथूनच वर येते आणि हाताला पुरेशी विश्रांती मिळाली तर तीच नक्षी परतते.

हा साचा आईच्या पोटात ठरतो. गर्भाच्या बोटांच्या टोकांवर आधी फुगीर गाद्या येतात आणि पुढे ओसरतात. साधारण दहाव्या आठवड्यानंतर कातडीच्या तळाशी घड्या पडू लागतात. गादी उंच असतानाच घड्या पडल्या तर बहुधा चक्र होतं, बसकी असेल तर साधी कमान, मधली असेल तर शंख. 2023 साली एडिंबरामधल्या संशोधकांनी दाखवलं की या रेघा बोटाच्या गादीचा मध्य, नखाखालची कड आणि सांध्याची घडी अशा तीन जागांपासून लाटांसारख्या पसरत जातात. लाटा कुठं, कशा भिडतील हे गादीच्या आकारावर आणि वेळेतल्या बारीक फरकांवर ठरतं. म्हणून एकसारख्या जुळ्यांचेही ठसे वेगळे.

पण ओळख पटावी म्हणून निसर्गानं हे घडवलेलं नाही. झाडावर चढणाऱ्या कोआलाच्या बोटांवरही असेच ठसे असतात. घामाचा ओलावा हवा तितकाच राखून पकड टिकवणं हे त्यांचं एक काम. दुसरं स्पर्शाचं: 2009 साली पॅरिसमधल्या प्रयोगात दिसलं की खरखरीत पृष्ठभागावरून सरकताना या रेघा ठरावीक कंपनं वाढवतात, आणि नेमकी तीच कंपनं कातडीतली संवेदनाग्रं टिपतात. तांदळातला खडा चिमटीला कळतो, त्यात या रेघांचाही हात असावा.

म्हणजे ज्या कामासाठी हे उंचवटे आहेत, त्याच कामानं ते झिजतात. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबारच्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, पुढे रेशन देतानाही आधारशी जोडलेला ठसा जुळवला जाऊ लागला आणि या झिजेला हिशेबाचं वजन आलं. आयुष्यभर राबलेला हातच यंत्राला सगळ्यात कमी ओळखू येतो, हे मला अन्यायाचं वाटतं. एक अंगठा नाकारला गेला की उरलेली नऊ बोटं तपासायला हवीत; त्यांतलं एखादं कमी झिजलेलं असतं. तेही जमलं नाही तर रेशनकार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या माणसाचं बोट चालतं. आजीला रिकामी पिशवी घेऊन परत पाठवण्याआधी हे दोन्ही करून पाहायला काही मिनिटं पुरतात.