कक्ष-तापमान आणि चुंबकीय परिबल

वऱ्हाडातील महाविद्यालयांतून निरिंद्रिय रसायनशास्त्राचे जे संशोधन होत आले आहे, त्याचा मोठा भाग शिफ बेसांपासून बनविलेल्या धातूंच्या जटिल संयुगांचा आहे. सॅलिसिलाल्डिहाइड व एखादे अमाइन यांच्या संयोगाने लिगंड सिद्ध करावयाचा, त्याची तांबे, निकेल, कोबाल्ट यांच्या क्षारांशी विक्रिया घडवावयाची, आणि मग रंग, वर्णपट व चुंबकीय परिबल यांवरून धातूभोवतीची रचना ठरवावयाची, असा हा परिपाठ. अशा प्रबंधांतून एक वाक्य हटकून भेटते : परिबल गूई तराजूवर कक्ष-तापमानास मोजले. अकोल्यात हे कक्ष-तापमान म्हणजे नेमके किती, असे कोणी विचारल्यास ती थट्टा समजू नये. पौषातील सकाळी पारा १५ अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. वैशाखात तो ४५ च्या वर जातो, आणि विद्युतचुंबकाची वेटोळी तापू लागली म्हणजे खोलीही बाहेरच्या हवेहून फारशी मागे राहत नाही.

गूई तराजूचे तत्त्व सोपे आहे. चूर्ण भरलेली काचनळी अशी टांगतात की तिचे खालचे टोक चुंबकाच्या ध्रुवांमध्ये व वरचे टोक क्षेत्राबाहेर राहील. क्षेत्र सुरू केल्यावर वजनात जो फरक पडतो, त्यावरून ग्राहकता मिळते. रेणवीय ग्राहकता व निरपेक्ष तापमान यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून त्यास २.८३ ने गुणले म्हणजे परिबल बोर मॅग्नेटॉनमध्ये येते. केवळ परिवलनाचा विचार केला तर एका अयुग्मित इलेक्ट्रॉनास १.७३, दोहोंस २.८३, तिहींस ३.८७ असे आकडे येतात. आपल्याकडे या शास्त्राची परंपरा जुनी आहे. लाहोरचे शांतिस्वरूप भटनागर व के. एन्. माथुर यांचा चुंबकीय रसायनशास्त्रावरील इंग्रजी ग्रंथ १९३५ सालीच प्रसिद्ध झाला होता.

क्षेत्राची तीव्रता प्रत्यक्ष न मोजता ज्ञात ग्राहकतेच्या मानक द्रव्याशी तुलना करण्याची रीत आहे. पारा व कोबाल्ट यांचे निळे थायोसायनेट हे मानक फिगिस व नायहोम यांनी १९५८ साली सुचविले. त्याची प्रतिग्रॅम ग्राहकता २० अंशांस १६.४४ दशलक्षांश सी. जी. एस्. एकके आहे आणि ती दर अंशामागे सुमारे ०.०५ ने घटते. हे दुसरे वाक्य पुष्कळदा विसरले जाते. ४५ अंशांस खरा आकडा १५.१९ च्या जवळपास असतो. तेथे १६.४४ धरला तर नमुन्याची ग्राहकता ८ टक्क्यांनी व परिबल ४ टक्क्यांनी फुगते. तांब्याच्या १.८० चे १.८७ झाले तर फारसे बिघडत नाही. परंतु कोबाल्टचे खरे परिबल ४.६० असताना ते ४.७८ दिसेल. द्विसंयुजी कोबाल्टच्या चतुष्फलकी संयुगांचे परिबल साधारणतः ४.२ ते ४.८ व अष्टफलकींचे ४.७ ते ५.२ असते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका तापमापकाच्या उपेक्षेने संयुगाची भूमिती कशी बदलते ते कळेल. गमतीची गोष्ट अशी की, सूत्रातही तापमान २० अंशच घातले तर दोन्ही चुका एकमेकींस जवळजवळ खोडून काढतात. अर्धवट काळजी ही संपूर्ण निष्काळजीपणापेक्षा घातक ठरते, ती अशी.

लिगंडाच्या प्रतिचुंबकत्वाची दुरुस्ती अधिक परिचित आहे, म्हणून तिचा एकच हिशेब देतो. मोठ्या शिफ बेसाची दुरुस्ती १८० दशलक्षांशांपर्यंत जाते, आणि ३०० केल्व्हिनला ताम्र-आयनाची ग्राहकता १२५० च्या आसपास असते. दुरुस्ती न केल्यास १.७३ चे १.६० होते, आणि मग तांब्याच्या अणूंत प्रतिलोहचुंबकीय बंध असल्याची अकारण चर्चा प्रबंधात शिरते.

धुळीचा प्रश्न मात्र खास आपल्याकडचा. दख्खनच्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइटच्या जातीची लोहचुंबकीय खनिजे आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकात त्यांच्या आधारे या खडकांचे पुराचुंबकत्व अभ्यासिले. त्याच पाषाणापासून झालेल्या काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात प्रयोगशाळेच्या प्रत्येक फटीतून आत येते. ४०० रेणुभाराच्या ताम्रसंयुगात लाखात एक भाग मॅग्नेटाइट मिसळले तर ५००० ओर्स्टेडच्या क्षेत्रात ग्राहकता सुमारे ७ टक्क्यांनी वाढलेली दिसेल. कार्बन, हायड्रोजन व नायट्रोजन यांच्या विश्लेषणात या भेसळीचा मागमूसही लागणार नाही. उपाय एवढाच की, दोन-तीन वेगवेगळ्या क्षेत्रांत मापन करावे. शुद्ध समचुंबकीय द्रव्याची ग्राहकता क्षेत्राबरोबर बदलत नाही, भेसळीची मात्र क्षेत्र वाढेल तशी घटते.

आता तापमानाच्या या चढउताराचा उपयोगही करून घेता येईल, तो सांगतो. ताम्र-अ‍ॅसिटेटचे परिबल कक्ष-तापमानास १.४० च्या सुमारास, म्हणजे एका इलेक्ट्रॉनास साजेल त्याहून पुष्कळच कमी येते. बी. सी. गुहा यांनी १९५१ साली दाखविले की थंड करीत गेल्यास त्याची ग्राहकता क्यूरीच्या नियमाप्रमाणे वाढत न जाता उलट खाली येते. ब्लीनी व बॉवर्स यांनी १९५२ साली याचे कारण ताम्र-आयनांच्या जोड्यांत शोधले, आणि पुढच्याच वर्षी क्ष-किरणांनी त्या जोड्या प्रत्यक्ष दाखविल्या. दोन आयनांतील अंतर २.६४ अँगस्ट्रॉम भरले. जोडीच्या युग्मित व अयुग्मित अवस्थांतील ऊर्जांतर सुमारे ३०० तरंगांक आहे. त्यावरून गणित केले तर १५ ते ४५ अंशांच्या दरम्यान ताम्र-अ‍ॅसिटेटची ग्राहकता जेमतेम २ टक्क्यांनी घटते, तर एकाकी ताम्र-आयन असलेल्या संयुगाची ९ टक्क्यांहून अधिक घटते. द्रव नायट्रोजन व त्यासाठी लागणारी उपकरणे ज्या महाविद्यालयात नाहीत, तेथेही पौष व वैशाख हे दोन महिने हा भेद दाखवू शकतात. त्यासाठी नमुन्याची नळी दोन्ही वेळी तीच, एकदा भरून तोंड बंद केलेली असावी, म्हणजे चूर्ण कमीअधिक दाबून भरल्याने होणारी चूक आड येत नाही. आणि मानकाचे मूल्य प्रत्येक वेळी तापमापक पाहून घ्यावे.