‘ग्रामर स्कूल’ म्हणजे नक्की कोणती शाळा?

मागच्या व्याख्यानानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ग्रामर स्कूल ही सरकारी शाळा की श्रीमंतांची? उत्तर देश बघून द्यावं लागतं. अमेरिकेत कुणी म्हणालं, ‘मी ग्रामर स्कूलमध्ये होतो’, तर तो साध्या प्राथमिक शाळेबद्दल बोलतोय. सिडनीत तेच ऐकलं, तर घरच्यांनी भरपूर फी मोजली असं समजा. आणि इंग्लंडमधल्या केंटमध्ये? तिथे फी नाही, पण प्रवेशपरीक्षा आहे.

मुळात हे ग्रामर म्हणजे लॅटिनचं व्याकरण. मध्ययुगात चर्चचा, विद्यापीठांचा कारभार लॅटिनमधून चाले. लॅटिन येणं म्हणजे पोटापाण्याची सोय. पुढे धनिकांनी देणग्या देऊन गावोगावी अशा शाळा काढल्या. आता गोम इथे आहे. देणगी ज्या कामासाठी दिली, त्याच कामाला पैसा वापरायचा. लीड्स हे कापडव्यापाराचं शहर. तिथल्या विश्वस्तांना वाटलं, मुलांना फ्रेंच, जर्मन, गणित शिकवू या. प्रकरण कोर्टात गेलं. १८०५ मध्ये लॉर्ड एल्डन यांनी चक्क डॉ. जॉन्सनच्या शब्दकोशाचा आधार घेतला : ग्रामर स्कूल म्हणजे ग्रीक-लॅटिन शिकवणारी शाळा, हा पैसा आधुनिक भाषांच्या शिक्षकांवर खर्चता येणार नाही! एका शब्दाच्या अर्थावर शहराचा अभ्यासक्रम अडला. विषय वाढवायची वाट १८४० च्या कायद्याने मोकळी केली.

अमेरिकेत हे नाव गेलं, पण बॉस्टनसारख्या शहरांत व्याकरण इंग्रजीचं झालं आणि वर हायस्कूल आलं. त्यामुळे ग्रामर स्कूल खालच्या पायरीवर राहिलं. ऑस्ट्रेलियात एकोणिसाव्या शतकात नाव घेतलं ते प्रतिष्ठेसाठी. आपल्या जुन्या मुंबई इलाख्यात कराची होतं. तिथलं १८४७ चं कराची ग्रामर स्कूलही आज खाजगी, महागडंच आहे.

इंग्लंडमध्ये मात्र १९४४ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षण मोफत झालं, आणि ‘इलेव्हन-प्लस’ परीक्षेने मुलं वेगळी काढली जाऊ लागली. साधारण चारा-पाचांतलं एक ग्रामर स्कूलला, उरलेली बहुतेक सेकंडरी मॉडर्नला. गरीब घरातल्या हुशार मुलांना याने विद्यापीठाचं दार उघडलं, हे खरंच. पण अकराव्या वर्षी ‘नापास’ हा शिक्का बसलेल्या मुलांची संख्या कितीतरी मोठी, आणि त्यांच्याबद्दल आपण फार कमी बोलतो. शिवाय निकाल नुसत्या हुशारीवर नव्हता, तुमच्या भागात जागा किती यावरही होता. बर्मिंगहॅममध्ये मुलांना ५४० जागा, मुलींना ३६०. म्हणजे मुलीला तीच जागा मिळवायला जास्त गुण हवेत! हा भेदभाव आहे, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सने १९८९ मध्ये दिला.

दरम्यान १९६५ मध्ये मजूर सरकारने सर्वांसाठी एकच शाळा करा, असं परिपत्रक काढलं होतं. बहुतेक जिल्ह्यांनी ऐकलं, केंट-बकिंगहॅमशायरने नाही. १९९८ च्या कायद्याने नवी ग्रामर स्कूल काढायला बंदी केली; जुनी १६३ उरली आहेत. त्यांच्यासाठी आता खाजगी शिकवण्या जोरात चालतात, म्हणजे फी नाही असं म्हणायचं, पण पैसे आधीच जातात.

आणि स्कॉटलंडमध्ये गेलात तर परत गोंधळ. ॲबर्डीन ग्रामर स्कूलमध्ये कवी बायरन शिकला. आज ती सरकारी शाळा आहे, फी नाही, प्रवेशपरीक्षा नाही. त्या भागात राहत असाल तर तुमचं मूल तिथे जातं.