संगणकावरील खेळाचे शिक्कामोर्तब

१८५६ च्या फेब्रुवारीत लखनौ येथे ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट औट्रम याने अवधचा कारभार कंपनीच्या स्वाधीन करणारा करारनामा नवाब वाजिद अली शाह याच्यापुढे ठेवला. नवाबाने सही करण्याचे साफ नाकारले. कंपनीने राज्य घेतले खरे. परंतु ते जाहीरनामा काढून घ्यावे लागले. सही ज्याची त्यानेच करावयाची असते, यातच तिचे मोल आहे. प्रेमचंदांनी १९२४ साली याच काळातील लखनौच्या दोन बुद्धिबळवेड्या सरदारांची कथा लिहिली.

आज त्या शहरातील एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावर खेळावयाचा बुद्धिबळाचा खेळ रचला, असे समजू. तो परक्याच्या संगणकावर सुखरूप पोहोचवावयाचा, तर तीन कामे करावी लागतात.

पहिले काम बांधणीचे. प्रोग्रॅम, पट व मोहरी यांची चित्रे, आवाज आणि ज्यांच्या आधारावाचून प्रोग्रॅम चालत नाही अशा फाइली, हे सर्व एकत्र बांधावे लागते. या आधारभूत फाइली रचणाऱ्याच्या संगणकावर आधीच असतात. इतरांच्या संगणकावर त्या असतीलच असे नाही. खेळ वेबपानांच्या भाषेत लिहिला असेल, तर पुष्कळदा ब्राउझरची यंत्रणाच त्याच्यासोबत द्यावी लागते व लहानशा खेळाचे गाठोडेही शंभर मेगाबाइटांच्या वर जाते.

दुसरे काम सहीचे. मराठेशाहीत राजपत्राच्या आरंभी शिक्का व अखेरीस मोर्तब उठवीत. शिक्क्यावरून पत्र कोणाचे हे कळे. मोर्तबामुळे त्याखाली कोणास नवा मजकूर घुसडता येत नसे. अंकीय सही ही दोन्ही कामे करते. प्रथम संपूर्ण गाठोड्यावरून गणिताने बहुधा २५६ बिटांचा एक गोषवारा काढतात. मूळ फाइलीत एक अक्षर जरी बदलले, तरी गोषवाऱ्यातील सुमारे निम्मे बिट पालटतात. या गोषवाऱ्यावर रचणारा आपल्या गुप्त किल्लीने सही करतो. तिचा पडताळा मात्र जाहीर किल्लीने कोणासही घेता येतो. रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी १९७७ साली शोधलेल्या पद्धतीत या किल्ल्या दोन प्रचंड मूळ संख्यांपासून बनतात. त्यांचा गुणाकार करणे सोपे. गुणाकारावरून त्या संख्या शोधणे अतिशय दुष्कर. संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे व वाजवी वेळात ठरविण्याची रीत लखनौपासून जवळच, कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी २००२ साली दाखवून दिली. व्यवहारात मात्र संभाव्यतेवर आधारलेल्या अधिक जलद कसोट्या वापरतात. जाहीर किल्ली अमुक व्यक्तीचीच आहे, याची ग्वाही प्रमाणपत्र देणारी संस्था देते.

तिसरे काम स्थापनेचे. विंडोजमध्ये फाइली जागच्या जागी ठेवल्या जातात, यादीत खेळाचे चिन्ह येते आणि पुढे तो काढून टाकता यावा म्हणून नोंद होते. तत्पूर्वी संगणक सही तपासतो. ती नसेल, तर प्रकाशक अज्ञात असल्याचा इशारा मिळतो.

तथापि सहीचा अर्थ नीट ध्यानात घ्यावयास हवा. गाठोडे कोणी बांधले व वाटेत त्यात बदल झाला की नाही, एवढेच ती सांगते; आतील वस्तू निर्दोष आहे असे सांगत नाही. २०१० साली उजेडात आलेल्या स्टक्सनेट या विघातक प्रोग्रॅमच्या काही भागांवर तैवानमधील दोन कंपन्यांच्या चोरलेल्या किल्ल्यांनी सही केलेली होती. सह्या खऱ्या होत्या; सही करणारे हात परके होते. चोरी कळताच प्रमाणपत्र रद्द करता येते, पण तोवर झालेली हानी भरून निघत नाही. म्हणून जून २०२३ पासून प्रोग्रॅमवर सही करण्याची गुप्त किल्ली सुरक्षित उपकरणातच ठेवण्याचा नियम प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांनी लागू केला. खेळ रचणाऱ्याने किल्ली जपावी आणि खेळणाऱ्याने इशारा वाचल्यावाचून पुढे जाऊ नये.