लहानाचें अडलें, मोठें खोळंबलें

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाच्या कामांना क्रम लावून देणारा कारभारी. युनिक्ससारख्या सामान्य प्रणालीचा कटाक्ष असा कीं, सर्वांना आळीपाळीनें वेळ मिळावा. वास्तवकालीन प्रणालीचा असा कीं, तातडीचें काम ठरल्या क्षणीं झालेंच पाहिजे, इतरांनीं खुशाल थांबावें.

हाहि नियम कसा उलटतो पाहा. ४ जुलै १९९७ रोजीं अमेरिकेचें ‘पाथफाइंडर’ यान मंगळावर उतरलें. त्याची वास्तवकालीन प्रणाली ‘व्हीएक्सवर्क्स’ ही होती. थोड्याच दिवसांत त्याचा संगणक मधूनच बंद पडून नव्यानें सुरू होऊं लागला. त्या दिवसाचें उरलेलें काम उद्यांवर जाई. तंत्रज्ञांनीं पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर तोच बिघाड घडवून कारण शोधलें. हवामान नोंदणाऱ्या कनिष्ठ कामानें एका सामाईक कुलपाची किल्ली घेतली होती. तीच वरिष्ठ कामास हवी होती. इतक्यांत मधल्या दर्जाच्या कामांनीं कनिष्ठास बाजूस सारलें. किल्ली अडकली, वरिष्ठ काम खोळंबलें आणि वेळ टळलेली पाहून प्रणालीनें संगणक नव्यानें सुरू केला.

उपाय सोपा होता. किल्ली हातीं असेपर्यंत कनिष्ठास वरिष्ठाचा दर्जा द्यावयाचा. ही सोय प्रणालींत होतीच, फक्त बंद होती. ती पृथ्वीवरून आज्ञा धाडून चालू करण्यांत आली. ज्याच्यावांचून मोठ्याचें अडतें, त्या लहानास आधीं वाट द्यावी, हेंच यांतील तात्पर्य.