हलके पान, जड पान

मोबाइलवर एखादे पान उघडण्याची वाट पाहत तुम्ही कधी ना कधी बसला असालच. वरची रेघ हळूहळू सरकते, मधे एक चक्र फिरत राहते आणि मजकुराचा पत्ता नसतो. शेवटी मथळा दिसतो. तुम्ही पहिली ओळ वाचायला घेता, तोच वरून एक चित्र उतरते आणि ती ओळ खाली ढकलली जाते. बोट टेकवावे एका दुव्यावर आणि उघडावा भलताच, असेही होते. ‘रेंज नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पण रेंज चांगली असतानाही असे घडते, आणि त्यामागे थोडे पदार्थविज्ञान आहे व बराचसा माणसाचा निष्काळजीपणा आहे. त्या निष्काळजीपणात माझाही वाटा होता, तो आधी सांगून टाकतो.

आमच्या महाविद्यालयाच्या विज्ञान मंडळाचे एक छोटे संकेतस्थळ आहे. प्रयोगांची माहिती, ग्रहणाची छायाचित्रे आणि साध्या लंबकाचे एक हलते चित्र असे त्याचे स्वरूप. लंबकाची लांबी बोटाने कमीजास्त केली की आंदोलनकाळ बदललेला दिसे. हे सारे आम्ही एका तयार साच्यात बसवले होते. अशा साच्यांना ‘थीम’ म्हणतात. अक्षरे कोणती, रंग कोणते, चित्र कुठे, हे सगळे साचाच ठरवतो. आमचा साचा दिसायला फार देखणा होता. घाटातल्या एका माध्यमिक शाळेतल्या विज्ञानाच्या बाई स्वतःच्या मोबाइलवर हे पान उघडून वर्गाला लंबक दाखवत. एकदा त्यांचा फोन आला, “सर, पान उघडेपर्यंत मुलं कंटाळतात. तास पस्तीस मिनिटांचा असतो हो!”

पान उघडायला वेळ का लागतो, ते आता पाहू. पानाचा मजकूर ज्या संगणकावर ठेवलेला असतो त्याला सर्व्हर म्हणतात. समजा, तो अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ व्हर्जिनियात आहे. तेथे अशी मोठमोठी केंद्रे आहेत. मुंबईपासून हे अंतर सरळ मोजले तरी सुमारे १३,००० किलोमीटर भरते. संदेश जातो तो काचेच्या प्रकाशतंतूंतून. निर्वात पोकळीत प्रकाशाचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर, पण काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५ असल्यामुळे तंतूत तो २ लाखांवर येतो. म्हणजे जाऊन येऊन २६,००० किलोमीटरांना ०.१३ सेकंद हवेतच. प्रत्यक्षात समुद्रातली केबल सरळ रेषेत जात नाही आणि वाटेत ठिकठिकाणी यंत्रे लागतात. तेव्हा एका फेरीला ०.२ सेकंद धरू. ४जीच्या जागी ५जी आले म्हणून काचेतला प्रकाश अधिक वेगाने धावू लागत नाही, हे ध्यानात ठेवा.

०.२ सेकंद म्हणजे काहीच नाही, असे तुम्हाला वाटेल. खरे आहे, पण फेरी एकच नसते. पहिल्या फेरीत दोन्ही यंत्रे एकमेकांना ‘ऐकू येते ना?’ असे विचारून घेतात. दुसरीत गुप्ततेच्या किल्ल्या ठरतात. मागणी जाते ती तिसऱ्या फेरीत. बरे, त्यानंतरही सर्व्हर सगळा मजकूर एकदम पाठवत नाही. वाट किती रुंद आहे हे त्याला ठाऊक नसते, म्हणून तो आधी साधारण १० पाकिटे पाठवतो. एका पाकिटात सुमारे १,४६० बाइट मावतात. ती सुखरूप पोचल्याची पोच आली की २०, मग ४०, मग ८० अशी संख्या दुप्पट होत जाते. म्हणजे ही भूमितीय श्रेढीच झाली.

थोडे गणित करू. देवनागरीतले एक चिन्ह युटीएफ-८ या पद्धतीत ३ बाइट घेते, रोमन अक्षर एकच. ‘शाळा’ या शब्दात श, काना, ळ, काना अशी चार चिन्हे, म्हणून १२ बाइट. इंग्रजीतल्या ‘स्कूल’ शब्दाची सहा अक्षरे सहा बाइटांत बसतात. तरीसुद्धा तुम्ही वाचत आहात तो हा संपूर्ण लेख जेमतेम ३० हजार बाइटांचा आहे. १० आणि २० अशा दोन खेपांत तो पोचतो. आधीच्या दोन फेऱ्या धरून चार फेऱ्या झाल्या, म्हणजे ०.८ सेकंद. (पाठवण्यापूर्वी मजकूर दाबून लहान करतात, तो फायदा येथे धरलेलाच नाही.) आता आजकालच्या पानांचे वजन पाहा. मोबाइलवरच्या मध्यम पानाचे वजन सुमारे २० लाख बाइट असते. १० गुणिले (२चा न-वा घात वजा १) हे सूत्र वापरून पाहिलेत तर त्याला आठ खेपा लागतात असे दिसेल. एकूण दहा फेऱ्या, २ सेकंद. आणि हे सारे एकाच सलग फायलीत आहे, असे धरून!

पण सलग फाइल कधी नसतेच, आणि खरी गोम तिथे आहे. घरात मुलाला वाण्याकडे मीठ आणायला पाठवले. तो आल्यावर आठवले की हळद संपली आहे. हळद आणली तर पुडीवर लिहिले होते, ‘सोबत हिंग घ्यावा’. यादी एकदम दिली असती तर एका खेपेत काम झाले असते. देखण्या साच्याचे अगदी असेच असते. पान आले की त्यात लिहिलेले असते, सजावटीची फाइल आणा. ती आणली की ती म्हणते, अमुक फॉन्ट आणा. एखादा प्रोग्राम आला की तो तिसऱ्याच कंपनीच्या यंत्राकडून दुसरा प्रोग्राम मागवतो, आणि तिथे ओळखपाळख व किल्ल्या हे सोपस्कार पुन्हा पहिल्यापासून! फॉन्ट येईपर्यंत कित्येक ब्राउझर तीन सेकंदांपर्यंत अक्षरे दाखवतच नाहीत. मजकूर हातात आलेला असतो आणि आपण कोऱ्या पडद्याकडे बघत बसतो. सगळे प्रोग्राम आले तरी ते वाचून चालवण्याचे काम मोबाइलच्या प्रोसेसरचे. महागड्या मोबाइलला ते जाणवत नाही, स्वस्त मोबाइलची मात्र दमछाक होते.

आमच्या पानावर याखेरीज माझे स्वतःचे एक पाप होते. ग्रहणाची छायाचित्रे मी कॅमेऱ्यातून काढली तशीच चढवली होती, रुंदी ४,००० बिंदू. मोबाइलच्या पडद्याची रुंदी १,०८० बिंदूंच्या आसपास. भागाकार करून वर्ग केलात तर कळेल की पडद्यावर दिसू शकतील त्याच्या जवळजवळ १४ पट बिंदू मी त्या बाईंच्या डेटाच्या पैशांनी पाठवत होतो.

या दुखण्यावर गूगलने ऑक्टोबर २०१५मध्ये एक औषध जाहीर केले. ‘ॲक्सिलरेटेड मोबाइल पेजेस’, थोडक्यात ‘ॲम्प’. फेब्रुवारी २०१६पासून ही पाने शोधाच्या निकालांत दिसू लागली. औषध तीन घटकांचे होते. पहिला घटक पथ्याचा : पानावर स्वतः लिहिलेले प्रोग्राम चालणार नाहीत, सजावटीचा मजकूर ५० हजार बाइटांच्या वर जाता कामा नये (पुढे ही मर्यादा ७५ हजार झाली), आणि प्रत्येक चित्राची लांबीरुंदी आधीच सांगायची, म्हणजे त्याची जागा मोकळी राहते व वाचता वाचता ओळी उड्या मारत नाहीत. दुसरा घटक अंतराचा. पानाची प्रत गूगल स्वतःच्या, वाचकाला जवळ असलेल्या यंत्रावर ठेवी. फेरी ०.२ सेकंदाऐवजी ०.०४ची झाली तर दहा फेऱ्यांचे दोन सेकंद ०.४वर येतात, प्रकाशाचा वेग वाढवता येत नाही, मग अंतर कमी करायचे. तिसरा घटक पूर्वतयारीचा. निकालांची यादी तुम्ही वाचत असतानाच वरचे पान गुपचूप आणून तयार ठेवायचे. बोट टेकताच ते समोर येई आणि सगळ्यांना जादू वाटे.

आम्ही २०१८मध्ये या नियमांत बसणारा साचा घेतला. छायाचित्रे लहान केली. पान खरोखरच झटकन उघडू लागले. मी मोठ्या उत्साहाने बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “उघडतं सर, पटकन उघडतं. पण लंबक काही हलत नाही.”

कसा हलणार? लंबक हलवणारा प्रोग्राम आमचा स्वतःचा होता, आणि नव्या साच्याला तो वर्ज्य होता. त्याच्या जागी लंबकाचे एक स्थिर चित्र उरले होते. हे स्थिर चित्र तर पाठ्यपुस्तकातही असते! ज्यासाठी त्या पान उघडत होत्या तेच आम्ही वेगासाठी काढून टाकले होते. बातमी वाचायची असेल तर अशा पथ्याने फारसे बिघडत नाही. करून पाहण्याची वस्तू असेल तर मात्र बिघडते. पुढे ॲम्पने स्वतःच्या प्रोग्रामांना मर्यादित मुभा दिली, पण तोवर आमचा धीर सुटला होता.

इतर घटकांचीही किंमत होतीच. प्रत गूगलच्या यंत्रावर असल्याने वर पत्ताही गूगलचा दिसे. लेख एकाचा आणि दारावर पाटी दुसऱ्याची. मोबाइलवरच्या शोधात ठळक बातम्यांच्या वरच्या पट्टीत जागा हवी तर ॲम्प घ्यावे लागे. म्हणजे स्वतःच्या कष्टाने तितकेच हलके पान करणाऱ्यालाही तेथे प्रवेश नव्हता. मला विचाराल तर यातली सर्वांत आक्षेपार्ह गोष्ट हीच. जानेवारी २०१८मध्ये अनेक संकेतस्थळकारांनी एक खुले पत्र काढून याला विरोध केला, आणि २०२१मध्ये ही अट उठली. त्यानंतर ॲम्पची ओढ बरीच ओसरली. आता गूगल पान कोणत्या साच्यात आहे याऐवजी ते प्रत्यक्षात कसे वागते ते मोजते : मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बोट टेकवल्यावर ०.२ सेकंदात प्रतिसाद मिळावा, वगैरे. पूर्वतयारीबद्दल एवढेच म्हणतो, की जे पान तुम्ही शेवटी उघडलेच नाही त्याचाही डेटा तुमच्याच खात्यातून जातो.

हलक्या साच्यांतली आणखी एक तडजोड आपल्या भाषेपुरती आहे, आणि इंग्रजीत लिहिलेल्या सल्ल्यांत ती सापडणार नाही. ‘वेगळा फॉन्ट मागवू नका, मोबाइलमध्ये असलेलाच वापरा’ असे हे साचे सांगतात. सल्ला योग्य आहे. जोडाक्षरांसाठी शेकडो जादा आकृत्या लागत असल्यामुळे देवनागरी फॉन्टची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते. पण अनेक मोबाइलमधल्या फॉन्टात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे असतात. शाळेत आपण गिरवतो ती वळणे दिसत नाहीत. पानावर ‘भाषा मराठी’ अशी खूण घातली तर काही फॉन्ट वळण बदलतात, काही बदलत नाहीत. मी खूण घालून फॉन्टचा नाद सोडला. आमचे मराठीचे प्राध्यापक त्याबद्दल अजून माझ्यावर नाराज आहेत, आणि त्यांची बाजू चुकीची आहे असे मला म्हणवत नाही.

२०२१च्या उन्हाळ्याच्या सुटीत दोन विद्यार्थिनींना घेऊन आम्ही साचा स्वतःच लिहिला. सजावट पानातच घातली, म्हणजे हळदीची वेगळी खेप वाचली. चित्रांच्या जागा आधीच आखल्या. ग्रहणाचे मोठे छायाचित्र दुव्याआड ठेवले आणि शेजारी त्याचे वजन लिहिले, म्हणजे घ्यायचे की नाही ते वाचकाने ठरवावे. लंबकाचे आधी स्थिर चित्रच येते. त्यावर बोट टेकवले तरच प्रोग्राम येतो आणि लंबक हलू लागतो. पूर्वी एवढ्याशा कामासाठी एक अवाढव्य तयार संच ओढून आणला जाई. विद्यार्थिनींनी तेच काम दीडशे ओळींत केले. खरे म्हणजे त्रिकोणमितीचे एक सूत्र आणि एक रेघ, एवढेच तर लागते. पान ॲम्पइतके जलद नाही, कारण ते कोणी आधीच आणून ठेवत नाही. आता तो एखाददुसरा सेकंद बाईंच्या वर्गाला चालतो.

तुमच्याजवळ संगणक असेल तर हे सारे स्वतः पडताळून पाहा. ब्राउझरमध्ये एखादे पान उघडून एफ-१२ ही कळ दाबा आणि नेटवर्कचा तक्ता निवडा. पान पुन्हा उघडले की प्रत्येक फाइल केव्हा मागवली, किती बाइटांची होती आणि किती वेळ लागला, हे पट्ट्यांच्या रूपाने दिसेल. एक पट्टी संपल्यावरच दुसरी सुरू झाली असेल तिथे वाण्याकडची खेप ओळखा. जोडणी मुद्दाम संथ करण्याची सोयही तिथेच असते. नेहमीच्या वाचनातली पाच पाने घ्या, प्रत्येकाचे एकूण बाइट आणि त्यांपैकी निव्वळ मजकुराचे बाइट यांचे गुणोत्तर वहीत मांडा. मग तीच पाने लगेच दुसऱ्यांदा उघडा. या वेळी कित्येक फायलींपुढचे आकडे एकदम घटलेले दिसतील. त्या फायली या खेपेला कुठून आल्या असतील, ते वर्गात शिक्षकांशी बोलून शोधा.