आक्कांचा हात का थरथरतो?

सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात आम्ही प्रौढांचा वर्ग घेतो. वर्ग रात्री देवळाच्या ओसरीवर भरतो. तिथे एक आक्का येतात. पन्नाशीच्या आहेत. भांगलणीला दहा बायकांची टोळी घेऊन जातात. कुणाचे किती दिवस भरले, सारा हिशेब तोंडपाठ. खुरपे हातात असले की हात कधी चुकत नाही. पण पाटीवरची पेन्सिल हातात आली, की तोच हात थरथरू लागतो.

"गुरुजी, हात ऐकत न्हाई बगा," असे त्या म्हणायच्या.

आम्हाला वाटले, नजर कमी झाली असेल. चष्मा झाला. तरी हात थरथरायचा तो थरथरायचाच. एका रात्री आमच्या हातातली पट्टी फळ्यावर जरा जोराने आपटली. आक्कांनी चटकन दोन्ही हात पदराखाली घेतले. तेव्हा आमच्या ध्यानात आले.

"आक्का, लहानपणी शाळेत मार खाल्ला होता काय?"

"न्हाई वो. शाळंतलं मला काय बी आठवत न्हाई."

शेजारी त्यांची थोरली बहीण बसली होती. ती म्हणाली, "आठवंल कसं? सा वर्साची हुती. हातावर वळ घिऊन घरला आली, ती पुन्ना गेलीच न्हाई."

पाहा कशी गंमत आहे! आक्का विसरल्या, पण हात विसरला नाही.

असे का होते, याचा विचार सिग्मंड फ्रॉइड नावाच्या डॉक्टरांनी फार केला. ते युरोपात व्हिएन्ना शहरात राहत. १८५६ साली जन्मले, १९३९ साली वारले. त्यांचे म्हणणे असे, की मन विहिरीसारखे आहे. वरचे पाणी दिसते, तळ दिसत नाही. लहान मुलाला जे सोसत नाही, ते त्याचे मन तळाशी ढकलते. मूल मोठे होते आणि म्हणते, मला काही आठवत नाही. पण तळातली भीती तिथेच असते. मोठेपणी साहेब, सासरा किंवा मास्तर समोर आला, की ती वर येते. समोर उभा असतो आजचा माणूस. मन मात्र त्याच्या जागी जुन्यालाच पाहते. या विद्येला मनोविश्लेषण म्हणतात. आपल्या देशात कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली तिची संस्था काढली.

फ्रॉइडचे सगळेच म्हणणे आज कोणी धरून बसत नाही. बायकांच्या मनाविषयी त्यांनी जे लिहिले, ते तर पुष्कळांनी खोडून काढले. आम्हालाही ते पटत नाही. पण लहानपण माणसाची पाठ सोडत नाही, एवढे त्यांचे म्हणणे टिकून आहे.

हे वाचले आणि आमचीच झोप उडाली. आमची नोकरीची बरीच वर्षे सांगली जिल्ह्यात, तासगावकडे गेली. तिथे आम्हीही छडी वापरली. आता २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलाला मारायला बंदी आहे. तेव्हा तसे नव्हते. एका पोराला सातचा पाढा येईना, म्हणून आम्ही त्याला वर्गापुढे मारले. दुसऱ्या दिवसापासून ते पोर शाळेत आले नाही. आम्हीही त्याच्या घरी गेलो नाही. आज तो बाप्या असेल. कुठे सही करायची वेळ आली, तर त्याचा हात काय करीत असेल?

मग भ्यालेले मन सावरते की नाही? फ्रॉइडची मुलगी अ‍ॅना हिने लहान मुलांत जन्मभर काम केले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते. घरादाराला मुकलेली मुले तिने आणि तिच्या मैत्रिणीने सांभाळली. खायला होते, ल्यायला होते. तरी मुलांची वाढ खुंटल्यासारखी वाटे. तेव्हा त्यांनी चार-पाच मुलांमागे एक बाई नेमून दिली. रोज तीच बाई. मुले आधी तिच्यावरून भांडली, रडली. मग त्यांनी तिला जीव लावला, आणि त्यांचे बोलणेचालणे सुधारले.

हे लंडनचे झाले. आपल्या साताऱ्यात त्याच्या कितीतरी आधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृह काढले. साल १९२४. सगळ्या जातींची मुले तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मुलांचे आईसारखे करीत. मुलांना जेवू घालायला धान्य उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातले मंगळसूत्रसुद्धा दिले. १९३० साली त्या वारल्या. लक्ष्मीबाईंना कोणी मनोविश्लेषण शिकवले नव्हते. पण आईबापांपासून लांब आलेल्या मुलाला काय लागते, हे त्यांना ठाऊक होते. नुसती भाकरी नव्हे, आपले म्हणून एक माणूस.

आम्ही आता पट्टी घरीच ठेवतो. आक्कांच्या शेजारची पोरगी बारावीत आहे. ती रोज रात्री त्यांच्याजवळ बसते. दुसऱ्या कुणाला आम्ही तिथे बसवीत नाही. पहिला महिनाभर पाटी-पेन्सिल बंदच ठेवली. ओसरीवर माती पसरायची आणि बोटाने अक्षर काढायचे. मातीत हात थरथरत नाही, हे आक्कांनीच आम्हाला दाखवले.

गेल्या आठवड्यात त्यांनी पाटी मागून घेतली. आपले नाव लिहिले. काना देताना हात अजून जरा हलतो.