गिअरबॉक्स उतरवण्याआधी तेल बघा

लखनऊ छावनीत कुणाची बदली झाली की गाडी विकायला निघते. मीही अशीच एक बारा वर्षांची ऑटोमॅटिक घेतली. जानेवारीच्या थंडीत सकाळी सदर बाजाराकडे निघालो, की दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी काही ओढायची नाही. गरम झाली की बरी चालायची. मेकॅनिक म्हणाला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, ऐंशी हजार!

थांबा. आधी प्रकार ओळखा. एएमटीत, म्हणजे 2014 च्या सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेल्या प्रकारात, साधाच क्लच असतो. माझी गाडी टॉर्क कन्व्हर्टरची. तिथे तेलाच्या दाबावर गिअर बदलतात. तेल कमी झालं की पंप हवा ओढतो, दाब पडतो, क्लच घसरतो. थंड तेल आकसतं, म्हणून सकाळी त्रास जास्त.

मग मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे डिपस्टिक पाहिली. तेल काळपट आणि जळक्या वासाचं असतं, तर क्लचप्लेटा गेल्या समजायचं. माझं लालच होतं, पण पातळी खाली. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवला. सकाळी कूलरच्या पाइपाखाली लाल डाग! पाइप बदलला, मॅन्युअलमधल्याच ग्रेडचं तेल भरलं, घसरणं थांबलं.

तेल ठीक असेल तर स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. उतरवायची भाषा त्यानंतर. आणि जुनी ऑटोमॅटिक घेताना ती सकाळी, थंड असतानाच चालवून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर दुसऱ्या दिवशी परत जा.